डाळ मिलच्या ऑफिसात एआय: वसुली, बिल्ट्या आणि आखाजीच्या सुट्ट्या

मी जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलचं ऑफिस सांभाळते. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), उधारी, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या), हमालांची हजेरी, सॉर्टेक्स (डाळ निवडायचं मशीन) बिघडली की कंपनीच्या माणसामागे लागणं, सगळं एकाच टेबलावर. एआय वापरायला लागल्यापासून दाणाबाजारातल्या ओळखीच्या मुनीम मंडळींचे फोन येतात, 'ताई, ते कसं करता सांगा ना.' प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढते. प्रोग्रॅमिंग येत नसेल, इंग्रजी जेमतेम असेल तरी अडत नाही. मराठीत टाइप करता आलं, नाहीतर बोलता आलं, की पुरे.

क्लास लावू नका. 'सात दिवसांत एआय एक्स्पर्ट' अशा जाहिराती हल्ली रिक्षांच्या मागेसुद्धा दिसतात. तिथे जे शिकवतील ते तुमच्या कामाचं नसेल, कारण तुमचं काम त्यांना माहीत नाही. हे शिकायचं ते स्वतःच्याच कागदांवर.

कोणतं ॲप घ्यायचं यावरही फार डोकं खाजवू नका. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 ला सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यामागोमाग गूगलचं जेमिनी, अँथ्रॉपिकचं क्लॉड, मायक्रोसॉफ्टचं कोपायलट आलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेटा एआय तर न बोलावताच येऊन बसलं. मराठी या सगळ्यांना कळतं आणि सुरुवातीला फुकटातलं पुरतं. एक निवडा, त्याचाच हात बसू द्या, रोज नवीन ॲपच्या मागे धावू नका. बघायचं एवढंच, की ते फोटो आणि फाइल घेतं का, आणि मोबाइल-कॉम्प्युटर दोन्हीकडे एकाच खात्यातून उघडतं का. फुकटात वापराला मर्यादा असते. मराठी मजकुराचे त्याच्या आतल्या हिशेबात इंग्रजीपेक्षा बहुतेक वेळा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे लांबलचक मराठी कागद टाकले की ती मर्यादा लवकर येते. मोठी फाइल असेल तर लागतील तेवढीच पानं टाका. पैसे भरायचा विचार, मर्यादा रोज आडवी यायला लागली की मग करा.

आधी त्याची परीक्षा घ्या

कामाला लावण्याआधी, ज्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे असा प्रश्न विचारायचा. माझा ठरलेला प्रश्न आहे: 'तूरडाळीच्या 30 किलोच्या पॅक कट्ट्यावर (पोत्यावर) जीएसटी किती?' आमच्याकडे कट्टे शिवणारा पोरगाही याचं उत्तर देईल. 18 जुलै 2022 पासून पॅक करून लेबल लावलेल्या डाळीला 25 किलोपर्यंत 5 टक्के कर लागला, त्याच्या वर नाही. म्हणून तर 30 किलोचा कट्टा बाजारात एवढा दिसायला लागला. मशीनने मला ठणकावून सांगितलं, '5 टक्के'. वर अधिसूचनेचा हवाला. मी म्हटलं, '25 किलोच्या मर्यादेचं काय?' लगेच, 'आपण अगदी बरोबर आहात, क्षमस्व.' म्हणजे विचारणाऱ्याला आधीच माहीत असेल तरच उत्तर बरोबर येणार. मग विचारायचं कशाला?

दुसरा प्रश्न तुरीच्या हमीभावाचा. 2025-26 च्या हंगामाला तो क्विंटलला 8,000 रुपये आहे, त्याच्या आदल्या वर्षी 7,550 होता. ही मॉडेलं एका ठरावीक तारखेपर्यंतच्या मजकुरावर तयार झालेली असतात, त्यानंतरचं त्यांना आपोआप कळत नाही, त्यामुळे जुना आकडा नव्याच्या थाटात सांगितला जाऊ शकतो. इंटरनेटवर शोधायची सोय चालू केली तर फरक पडतो, पण तिथेही ते कधी जुनंच पान उचलून आणतं. पानाची तारीख आपण उघडून बघायची.

हे असं का होतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. हे यंत्र वही उघडून आकडा वाचून दाखवत नाही. डोंगराएवढा मजकूर वाचून, कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधायला ते शिकलेलं आहे. त्यामुळे वाक्य कायम गुळगुळीत येतं, आतली माहिती खरी असो की खोटी. प्रत्येक बाजारात एक दलाल असा असतो, की त्याला कुठल्याही मालाचा भाव विचारा, 'माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. आपण त्याच्याशी चहा पितो, सौदा मात्र दुसरीकडे विचारून करतो. इथेही तसंच वागायचं.

म्हणून मी कामाची वाटणी अशी केली आहे: माहिती माझी, मांडणी त्याची. बिलाचा आकडा, तारीख, पार्टीचा स्वभाव, मालाची प्रत हे माझ्याकडे. त्याचं पत्र, तक्ता, यादी, हिंदी मेसेज करणं त्याच्याकडे. लातूरला आज तूर काय भावाने गेली, कोणत्या पार्टीला माल द्यावा, ही असली विचारणा मी तिथे करतच नाही. त्यासाठी फोन आहे.

वसुलीचं पत्र

मुनिमांनो, सुरुवात इथून करा. कारण वसुलीचं पत्र लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो. कडक लिहिलं तर पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, तुटते, नरम लिहिलं तर पैसे येत नाहीत, आणि या विचारात चार दिवस जातात.

बहुतेक जण टाइप करतात, 'वसुलीचं पत्र लिहून दे'. मग जे येतं ते वाचवत नाही. 'आपण कुशल असाल अशी आशा आहे', 'आमच्या सन्माननीय संस्थेच्या वतीने', 'सदर प्रकरणी आपले लक्ष वेधू इच्छितो'. दोष त्याचा नाही. त्याला काहीच सांगितलेलं नाही, तर ते तरी काय लिहिणार?

मी असं सांगते. पार्टी आणि आकडे बदललेले आहेत:

'नाशिकची किराणा होलसेल पार्टी. बारा वर्षांपासून माल घेतात, माणूस चांगला आहे, पण पैसे ओढून धरतो. 4 मार्चच्या बिलात 30 किलोचे 100 कट्टे तूरडाळ, बिल 3,36,000 रुपये. 20 मार्चला 1,50,000 आले. 1,86,000 बाकी. 30 एप्रिलपर्यंत हवेत, कारण सध्या तुरीची खरेदी चालू आहे आणि शेतकऱ्याला रोख द्यावे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं आहे, पाच-सहा ओळी. शेठ म्हणून संबोधन. धमकी नको, लाचारीही नको.'

बघा, यात काय काय आलं: समोरचा कोण, संबंध कसे, खरे आकडे कोणते, कशासाठी लिहितोय, कुठे पाठवायचंय, किती लांब आणि काय नको. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. ही दोन मिनिटं वाचवायला गेलात की पुढे दहा मिनिटं दुरुस्तीत जातात.

पहिलं उत्तर तरीही जसंच्या तसं पाठवायचं नसतं. या पत्राच्या पहिल्या मसुद्यात त्याने 'करारात ठरल्याप्रमाणे 18 टक्के व्याज' असं एक वाक्य आपल्या मनाने घुसडलं होतं. करार कुठला आणि 18 टक्के कुठले? आमच्या धंद्यात सौदा फोनवर होतो. मी लिहिलं, 'करार नाही. मी दिलं नाही असं एकही वाक्य घालू नको. बोलल्यासारखं लिही.' मग हे आलं:

'शेठ, नमस्कार. 4 मार्चच्या बिलातले 1,86,000 रुपये बाकी आहेत. 20 मार्चला आपले 1,50,000 जमा झाले, त्याबद्दल आभार. सध्या तुरीची खरेदी चालू आहे, शेतकऱ्याला रोख द्यावे लागतात, म्हणून उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत पाठवावी ही विनंती. मालात किंवा बिलात काही तक्रार असेल तर आजच कळवा, म्हणजे लगेच मिटवून टाकू.'

शेवटचं वाक्य त्याचं स्वतःचं आहे आणि मी ते ठेवलं. का ते वसुली करणाऱ्याला लगेच कळेल. महिनाभराने 'डाळीत खंडा (तुटके दाणे) जास्त होता' म्हणायची वाट त्यात बंद होते. मांडणीतलं शहाणपण घ्यायला हरकत नाही, मी मनाई करते ती नव्या 'माहितीला'.

आता थोडं कायद्याचं, कारण मसुद्यात हे विषय हमखास येतात. मिल सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणीत असेल, तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी उधारी 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून 1961 च्या आयकर कायद्याच्या 43बी कलमात भर पडली, त्यामुळे मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत, वजा करून मिळत नाही. मार्चच्या शेवटी आमच्या पार्ट्यांचे फोन अचानक गोड होतात ते यामुळेच. एआयला हे सगळं विचारता येतं, ते समजावूनही छान सांगतं. पण पत्रात कलम टाकायच्या आधी ते सीएला दाखवायचं. 'तिप्पट' ऐवजी 'दुप्पट' लिहिलेलं पत्र समोरच्याच्या वकिलाच्या हातात पडलं तर हसं आपलं होतं.

परभाषेतल्या पार्ट्यांनाही हेच तंत्र. मराठीत सांगायचं आणि म्हणायचं, 'हे हिंदीत कर, दुकानदारी हिंदीत, सरकारी नको'. हे 'दुकानदारी' सांगितलं नाही तर 'महोदय, अवगत कराया जाता है' असं येतं आणि दिल्लीचा दलाल घाबरून फोन करतो, की नोटीस कशाची पाठवली. चेन्नई, हैदराबादला साधं इंग्रजी मागायचं. आलेलं इंग्रजी समजत नसेल तर त्यालाच उलटं मराठीत सांगायला लावायचं, तेही नवीन चॅट उघडून. त्याच चॅटमध्ये विचारलं तर ते मूळ मराठी बघूनच सांगतं, चूक असली तरी दिसत नाही.

आणि एक. 'गाडी निघाली' एवढा मेसेज एआयकडून लिहून घेणारा माणूस मी पाहिला आहे. जे आपल्याला अर्ध्या मिनिटात लिहिता येतं ते आपणच लिहावं.

बिल्टीचा फोटो

ट्रान्सपोर्टवाल्यांच्या बिल्ट्या कार्बन कॉपीवर, गिचमिड अक्षरात असतात. एकेक वाचून एक्सेलमध्ये भरायला अख्खी दुपार जायची. आता फोटो टाकते आणि म्हणते: 'यातून तारीख, गाडी नंबर, पार्टीचं गाव, कट्टे, वजन, भाडं असा तक्ता कर. जे अक्षर स्पष्ट दिसत नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक. अंदाज लावू नको.'

हे शेवटचं वाक्य विसरायचं नाही. नाही सांगितलं तर धूसर आकड्याच्या जागी ते छानपैकी एखादा आकडा भरून टाकतं. गाडी नंबरात 1 आणि 7, 6 आणि 0 यांची अदलाबदल नेहमीची. एमएच 19 आपल्या जिल्ह्याची म्हणून ओळखीची, पण पुढच्या चार आकड्यांवर डोळा ठेवावाच लागतो.

तपासायची एक सोपी युक्ती आहे. कट्टे गुणिले 30 बरोबर वजन यायला हवं. तक्त्यात शेजारी तेवढं एक खानं वाढवून घ्या. जिथे गुणाकार जुळत नाही, ती बिल्टी हातात घेऊन बघा. सगळ्या बिल्ट्या पुन्हा वाचायची गरज पडत नाही. तुमच्या धंद्यातही अशी एखादी जुळणी असतेच: भराई किती, नग किती, बेरीज किती. ती शोधून ठेवा.

फोटो उजेडात, सरळ वरून काढा. एका फोटोत एकच बिल्टी. चार बिल्ट्या टेबलावर पसरून एक फोटो काढला की एकीचं भाडं दुसरीला चिकटतं.

उधारीचा तक्ता

बेरीज-वजाबाकी त्याच्याकडून तोंडी करून घेऊ नका. शब्दांचा अंदाज बांधणारं यंत्र मोठ्या बेरजेत चुकू शकतं, आणि चुकलं तरी आवाज तोच. त्याऐवजी त्याच्याकडून एक्सेलचं सूत्र मागा, बेरीज एक्सेलला करू द्या.

माझी शीट अशी आहे: ए मध्ये पार्टी, बी मध्ये बिलाची तारीख, सी मध्ये बिल, डी मध्ये जमा. मी सांगितलं: 'ई मध्ये बाकी हवी, एफ मध्ये आजपर्यंत झालेले दिवस, जी मध्ये 15 दिवसांपर्यंत, 16 ते 45, आणि 45 च्या वर असे तीन गट. बाकी शून्य असेल तर एफ आणि जी रिकामे राहू देत. सूत्र कुठे चिकटवायचं तेही सांग. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा आहेत.'

तारखेचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. टॅलीतून काढलेल्या फाइलमध्ये तारीख कधी कधी तारीख नसते, नुसता मजकूर असतो, आणि एक्सेल दिवस मोजायला नकार देतं. त्याहून वाईट म्हणजे कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीवर लावलेला असेल, तर 4 मार्चचं 3 एप्रिल होतं आणि एक्सेल काहीच कुरकुर करत नाही. सूत्र आल्यावर तीन ओळी हाताने तपासा: एक पूर्ण पैसे आलेली, एक सगळ्यात जुनी, एक तारीख रिकामी असलेली. तिन्ही बरोबर आल्या तर सूत्र खाली ओढा.

सूत्र चाललं नाही तर एक्सेल जो एरर दाखवतं तो जसाच्या तसा त्याला द्या, नाहीतर स्क्रीनचा फोटो टाका. 'चालत नाही' एवढंच सांगितलं तर ते दुसरं सूत्र देतं, तेही चालत नाही, आणि अर्धा तास असाच जातो.

आखाजीच्या सुट्ट्या

खानदेशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माणूस कामावर थांबवणं म्हणजे काय, ते इथल्या प्रत्येक ऑफिसवाल्याला माहीत आहे. वेचणीच्या बायकांना माहेरी जायचं असतं, रोलरवाल्याच्या घरी सासुरवाशीण बहीण येणार असते, आणि नेमका हाच डाळीचा भर हंगाम. तेल-पाणी लावलेली तूर गच्चीवर उन्हात पडलेली असते, तिला सुट्टी कळत नाही.

अशा गुंत्यात एआय खरंच कामाला येतं, पण अटी सगळ्या आधी लिहून द्याव्या लागतात. मी नावांऐवजी क्रमांक देते आणि एकेक अट एकेका ओळीत: दोन पाळ्या. प्रत्येक पाळीत रोलर चालवता येणारा किमान एक. दिवसपाळीत गच्चीवर वाळवण उलटायला चार जण. क्रमांक 3, 5, 8 आणि 11 ला आखाजीच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस रजा. क्रमांक 2 रात्रपाळी करत नाही. कोणालाही सलग दोन पाळ्या नाहीत.

आलेलं वेळापत्रक बघायला सुरेख असतं, रेघा आखलेल्या, रंग भरलेला. तिथे फसू नका. पुढचा निरोप हा द्या: 'आता वरची प्रत्येक अट घे आणि तक्त्यात ती पाळली आहे का ते दिवसागणिक तपासून दाखव. मोडली असेल तिथे सांग.' निम्म्या वेळा त्यालाच सापडतं, की शुक्रवारी गच्चीवर तीनच माणसं आहेत. मग 'फक्त तो दिवस दुरुस्त कर, बाकी हलवू नको' म्हणायचं. 'बाकी हलवू नको' म्हटलं नाही तर ते सगळं वेळापत्रक नव्याने मांडतं आणि आपण तपासलेलं वाया जातं.

एवढं करून तक्ता मुकादमाला दाखवला. त्याने एका नजरेत सांगितलं, 'ताई, 4 आणि 9 एका पाळीत नको, दोघं साडू आहेत आणि वर्षभर बोलत नाहीत.' ही अट कुठल्याच कागदावर नव्हती. म्हणून मुकादमाला विचारायची पायरी मी कायम ठेवली आहे.

बोलून काम, आणि आपली बोली

टाइपिंगचा कंटाळा असेल तर माइकचं बटण दाबून बोला. मशीन बंद पडल्याची नोंद, फोनवर झालेलं बोलणं, उद्याची कामं हे सगळं मी बोलूनच टाकते, आणि शेवटी म्हणते, 'यातून कामांची यादी कर, प्रत्येकापुढे कोणी आणि कधी ते लिही. मी सांगितलं नसेल तिथे रिकामं सोड.' आजूबाजूला धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा आवाज असेल तर आकडे हमखास चुकतात, म्हणून आकडे टाइप करते.

अहिराणीत मात्र अजून त्याचा भरवसा नाही. आमचा अमळनेरकडचा ड्रायव्हर मेसेज पाठवतो, 'गाडी उनी नही, माल वल्ला शे.' हे तसंच टाकलं तर काय बाहेर येईल सांगता येत नाही. मी ऐकते आणि साध्या मराठीत परत बोलते, 'गाडी आली नाही, माल ओला आहे'. गाडीच्या आणि मालाच्या बातमीत गफलत परवडत नाही.

सॉर्टेक्सची इंग्रजी पुस्तिका हाही एक चांगला उपयोग. पीडीएफ टाकून विचारते, 'हवेचा दाब कमी दाखवतंय, पुस्तिकेत यावर काय सांगितलंय? पान क्रमांकासकट सांग.' आणि ते पान उघडून बघते. कंप्रेसरच्या लाइनमध्ये पाणी साचलंय का, फिल्टर तुंबलाय का, एवढं आपला माणूस बघू शकतो. इंजिनिअर येईपर्यंत ओळीने काय तपासायचं ते कळतं. विजेचं पॅनल उघडायची वेळ आली की तिथे मोबाइल खिशात ठेवायचा आणि वायरमनला बोलवायचं.

काय टाकायचं नाही

आमच्या शेठजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, 'ताई, आपली उधारीची यादी त्या मोबाइलात नको.' त्यांचं बरोबर होतं. कोणाकडे किती अडकलंय, ही धंद्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट. तेव्हापासून मी पार्टीचं नाव टाकत नाही, 'पार्टी क', 'पार्टी ख' लिहिते आणि छापायच्या वेळी नावं हाताने घालते. बिल्टीवरचं पार्टीचं नाव आणि फोन नंबर फोटो काढताना चिठ्ठीने झाकते. कामगारांचं आधार, पॅन, बँक खातं, अंगठ्याच्या हजेरीची फाइल, यातलं काहीही नाही. लोकांची वैयक्तिक माहिती जपायचा कायदा 2023 साली झाला आहे. पण कायद्याचं सोडा, त्या बायकांनी आपल्याला आधारची झेरॉक्स पगारासाठी दिलेली असते, त्याच कामासाठी ती वापरावी.

सेटिंगमध्ये, आपलं बोलणं मॉडेल शिकवायला वापरू द्यायचं का, असा पर्याय बहुतेक ॲपमध्ये असतो. तो शोधून बंद करा. सापडत नसेल तर त्यालाच विचारा, पण सांगितलेली जागा खरंच तिथे आहे का ते स्वतः बघा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर सगळे बसत असतील तर काम झालं की खात्यातून बाहेर पडा.

निरोपांची वही

जो निरोप चांगला जमला तो फेकू नका. मी एक वही केली आहे, खरं तर वर्डची एक फाइल: वसुली पहिलं पत्र, वसुली दुसरं पत्र, बिल्टी तक्ता, पाळ्यांचं वेळापत्रक, मालाच्या तक्रारीला उत्तर. प्रत्येकात आकड्यांच्या जागी रिकाम्या जागा. सकाळी चिकटवायचं, जागा भरायच्या. नवीन मुलगा कामाला लागला तेव्हा त्याला टॅली शिकवायला वेळ लागला, ही वही मात्र त्याने लगेच उचलली.

नव्या कामाला नवीन चॅट उघडा. सकाळच्या वसुलीच्या चॅटमध्येच दुपारी सुट्ट्यांचा तक्ता मागितला तर आधीचं बोलणं त्यात डोकावतं, आणि चॅट फार लांबली की सुरुवातीला सांगितलेल्या अटी निसटायला लागतात. लांब काम असेल तर मध्येच त्याच्याकडून 'आतापर्यंत ठरलेलं दहा ओळींत लिही' असं लिहून घ्या आणि ते नव्या चॅटमध्ये टाकून पुढे चला.

निरोपांची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवा, म्हणजे लाइट गेली तरी मोबाइलवरून काम पुढे सरकतं. मोबाइल चार्ज असला तर. मे महिन्यात ते धरून चालू नका.